कागदोपत्री मेलेल्या गाड्या

चाकणच्या रस्त्याला किंवा मुंबई-पुणे हायवेला नेहमी जाणाऱ्यांनी हे दृश्य पाहिलं असणारच. शेजारून एक गाडी भर्रकन जाते. अंगभर काळ्या-पांढऱ्या वेड्यावाकड्या नक्षीचं स्टिकर, कंपनीचं नाव झाकलेलं, दिवे अर्धे टेपखाली. लगेच दोन बाइकवाले फोन काढून तिच्या मागे. टेस्टिंगची गाडी! सहा-आठ महिन्यांनी तेच मॉडेल शोरूममध्ये येतं, आपण नाक मुरडतो किंवा बुकिंग करतो, आणि विषय संपतो.

पण ती स्टिकरवाली गाडी? तिचं पुढे काय होतं?

एका शब्दात उत्तर द्यायचं तर, चुरा. प्रोटोटाइप ही कायद्याच्या दृष्टीने पूर्ण गाडी नसतेच. ती हाताने जोडलेली असते, निम्मे पार्ट तात्पुरते असतात, सरकारी मंजुरी मिळायची बाकी असते. अशी गाडी विकता येत नाही आणि गिऱ्हाइकाच्या नावावर पासिंगही होत नाही. काम झालं की तोडायची आणि तोडल्याची नोंद फायलीत लावायची, हा जगभरच्या बहुतेक कंपन्यांचा रिवाज. त्यामुळे ज्या थोड्याफार प्रायोगिक गाड्या या चरकातून निसटल्या, त्यांच्या गोष्टी गोळा करायचा नाद मला गेली दोन-तीन वर्षं लागलाय.

आणि वाचता वाचता एक गंमत लक्षात आली. 'निसटली' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे सिनेमा येतो. मध्यरात्र, कारखान्याचं गेट, आतला कोणीतरी फितूर, दिवे बंद करून पळवलेली गाडी वगैरे. प्रत्यक्षात असं जवळपास कधीच होत नाही. गाड्या निसटतात त्या कागदातून. विक्रीचा करार, भंगाराची पावती, कस्टमचे कागद, म्युझियमला दिलेलं देणगीपत्र, लीजचं ॲग्रीमेंट. गाडीचा जीव इंजिनात कमी आणि या कागदांत जास्त असतो. आजचा लेख त्याबद्दल.

सुरुवात इटलीतल्या तुरिनपासून करू. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पत्रा हाताने ठोकून गाडीचा सांगाडा घडवणारे एक से एक कारागीर होते, आणि डेट्रॉइटच्या मानाने त्यांची मजुरी फारच कमी. त्यामुळे अमेरिकन कंपन्या आपल्या प्रदर्शनाच्या एकुलत्या एक गाड्या घिया नावाच्या वर्कशॉपकडून करून घ्यायच्या. घियाहून निघालेल्या तीन अमेरिकन गाड्यांचं नशीब बघा.

पहिली क्रायस्लरची नॉर्समन. छत पुढच्या बाजूला खांबांवर टेकलेलं नाही, मागूनच तोललेलं. ती १९५६ च्या जुलैमध्ये 'आंद्रेया दोरिया' या जहाजावर चढवून न्यूयॉर्ककडे पाठवली. २५ जुलैच्या रात्री नॅन्टकेट बेटाजवळ धुक्यात 'स्टॉकहोम' नावाचं दुसरं जहाज येऊन धडकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'आंद्रेया दोरिया' बुडालं. माणसं गेली त्यापुढे गाडीचं काय घेऊन बसायचं. पण नॉर्समन अजूनही अटलांटिकच्या तळाशी आहे. एकच नग होता, तो गेला.

दुसरी, फोर्डसाठी बनवलेली लिंकन फ्युच्युरा, १९५५ सालची. डोक्यावर दोन पारदर्शक घुमट, मागे माशासारखे लांबलचक पर. त्या काळी तिला अडीच लाख डॉलर खर्च आला होता असं सांगतात. प्रदर्शनं फिरून झाली, एका सिनेमात काम करून झालं, मग ती कॅलिफोर्नियात जॉर्ज बॅरिस या गाड्या सजवणाऱ्या माणसाच्या गॅरेजबाहेर धूळ खात पडली. फोर्डने ती त्याला किती रुपयांना.. सॉरी, किती डॉलरला विकली? एक! एक डॉलर. आणि १९६५ मध्ये टीव्हीवाल्यांना घाईघाईने बॅटमॅनची गाडी हवी होती, हातात तीनेक आठवडे. बॅरिसने फ्युच्युरावर काळा रंग मारला, पत्रा थोडा इकडेतिकडे केला आणि झाली बॅटमोबिल. २०१३ साली ती लिलावात ४२ लाख डॉलरच्या बोलीला गेली.

इथे एक डॉलरचा कागद महत्त्वाचा. तो व्यवहार झाला नसता तर फोर्डच्या कुठल्या तरी साहेबाने एक दिवस यार्ड साफ करायला घेतलं असतं आणि फ्युच्युरा गेली असती. कंपनीने जी गाडी 'आमची नाही' असं लिहून दिलं, ती वाचली. तिसरी गाडी सर्वांत मोठी गोष्ट आहे, तिच्याकडे थोड्या वेळाने येतो. आधी भंगारवाला.

१९४९ ते १९६१ या काळात जनरल मोटर्स 'मोटोरामा' नावाचा फिरता तमाशा करायची. नाच-गाणी, रोषणाई आणि मध्ये फिरत्या चौथऱ्यांवर 'उद्याच्या' गाड्या. हार्ली अर्ल हा डिझाइनचा सर्वेसर्वा. या गाड्यांतल्या काही नीट चालायच्या, काही नुसते फायबरग्लासचे पुतळे. शो संपला की प्रश्न यायचा, ठेवायच्या कुठे आणि कशाला? रस्त्यावर नेली आणि ब्रेक लागलेच नाहीत तर खटला कंपनीवर. म्हणून आदेश निघायचा, नष्ट करा.

१९५० च्या दशकाच्या शेवटी अशा चार गाड्या मिशिगनमधल्या वॉरहूप्स नावाच्या भंगार यार्डात पोचल्या. १९५५ ची शेव्हरोले बिस्केन, त्याच वर्षीच्या दोन लासाल-२, आणि १९५६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम टाउन कार. यार्डाच्या मालकाने काय केलं? कापायला सांगितलं होतं ते काही अंशी कापलं. बिस्केनचे तर अक्षरशः तुकडे झाले. पण ते तुकडे वितळवायला किंवा पुरायला न पाठवता त्याने यार्डाच्या एका कोपऱ्यात रचून ठेवले. तीस वर्षं! पाऊस, बर्फ, गवत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जो बोर्ट्झ या शिकागोकडच्या संग्राहकाला सुगावा लागला, त्याने चारही विकत घेतल्या आणि मग जिगसॉ पझल सोडवल्यासारखं एकेक उभं करत नेलं. बिस्केन आज पुन्हा अखंड, फिकट हिरव्या रंगात उभी आहे.

म्हणजे जनरल मोटर्सच्या फायलीत या गाड्या १९५९ च्या सुमारासच मेलेल्या होत्या आणि यार्डाच्या कोपऱ्यात जिवंत होत्या. फाइल बंद झाल्यामुळे त्यांना शोधायला कोणी आलंच नाही. आपल्याकडे पण असे भंगारवाले असतात बघा. वस्तू हातात घेतली की वजनकाट्यावर टाकण्याआधी क्षणभर थांबतात. 'राहू दे, कधीतरी लागेल.' म्युझियमवाल्यांनी अशा लोकांना खरं तर शाल-श्रीफळ द्यायला हवं :)

आता तिसरी गाडी. क्रायस्लर टर्बाइन कार.

क्रायस्लरमध्ये जॉर्ज ह्यूबनर नावाचा इंजिनिअर होता. विमानाला जसं गॅस टर्बाइन असतं तसं गाडीला बसवायचं, हा त्याच्या टीमचा ध्यास. १९५४ मध्ये त्यांनी एका प्लिमथमध्ये टर्बाइन बसवून चालवून दाखवलं. १९५६ मध्ये अशाच गाडीने न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस असा अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा, तीन हजार मैलांचा प्रवास केला. आणि १९६३ च्या मे महिन्यात खास टर्बाइनसाठी डिझाइन केलेली गाडी जगापुढे आली. डिझाइन एलवूड एंगलचं, बॉडी घियाने तुरिनमध्ये घडवलेली, इंजिन आणि जोडणी डेट्रॉइटमध्ये. एकूण ५५ गाड्या झाल्या. पाच आधीच्या चाचणीच्या, पन्नास लोकांना द्यायच्या. या पन्नासही तांब्याच्या रंगाच्या. म्हणजे घासून लख्ख केलेल्या देवाच्या तांब्याचा रंग असतो ना, तस्सा.

जरा इंजिनिअरिंग. (ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा, परीक्षेत येणार नाही.) नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगी पडून छोटे छोटे स्फोट होत राहतात. टर्बाइनमध्ये स्फोट नाहीतच. एक पंखा हवा ओढून दाबतो, त्या हवेत इंधन सतत जळत राहतं, आणि तापलेला वायू जोरात बाहेर पडताना दोन चाकं फिरवतो. पहिलं चाक हवेचा पंखा फिरवतं, दुसरं गाडीची चाकं. या दोन चाकांमध्ये दांडा वगैरे काही जोड नाही, मध्ये फक्त वायू. त्यामुळे गाडी सिग्नलला थांबली तरी इंजिन बंद पडत नाही, आणि जागेवरून निघतानाच सगळ्यात जास्त टॉर्क मिळतो. ताकद १३० हॉर्सपॉवर, पंख्याचा वेग मिनिटाला ४४,५०० फेऱ्यांपर्यंत. आपल्या बाइकचं इंजिन आठ-नऊ हजाराला किंचाळायला लागतं, त्यावरून अंदाज करा! बाहेर जाणाऱ्या वायूची उष्णता वाया जाऊ नये म्हणून दोन फिरत्या चकत्या ती उष्णता पकडून आत येणाऱ्या हवेला द्यायच्या. रेडिएटर नाही, पाणी नाही, स्पार्क प्लग एकच. हलणारे भाग नेहमीच्या इंजिनाच्या साधारण एक पंचमांश.

आणि इंधन? जळेल ते. डिझेल, रॉकेल, वनस्पती तेल. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांना दाखवताना टकीलावर चालवली आणि पॅरिसमध्ये अत्तरावर, असे किस्से प्रसिद्ध आहेत. चालत नव्हतं ते नेमकं त्या काळी प्रत्येक पंपावर मिळणारं शिसं घातलेलं पेट्रोल. त्याने आतल्या भागांवर थर बसायचा. गंमत आहे की नाही? टकीला चालते, पेट्रोल चालत नाही.

पण मला या गाडीत सर्वांत भावतं ते इंजिन नाही, पुढचा प्रयोग. क्रायस्लरने गाड्या विकल्या नाहीत. लोकांकडून पत्रं मागवली, तीस हजारांवर पत्रं आली. त्यातून प्राइस वॉटरहाउस या हिशेबनीसांच्या फर्मकडून २०३ जण निवडले. १८० पुरुष, २३ बायका, देशभरातल्या १३३ शहरांतले. प्रत्येकाला तीन महिने गाडी फुकट. इंधन तुमचं, विमा आणि दुरुस्ती कंपनीची. बदल्यात वही भरायची आणि शेवटी सविस्तर मुलाखत द्यायची. ऑक्टोबर १९६३ ते जानेवारी १९६६ या काळात या गाड्या दहा लाख मैलांहून जास्त पळाल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर ही बीटा टेस्टिंग होती, 'बीटा' हा शब्द आपल्या तोंडी बसायच्या कितीतरी आधी. खऱ्या माणसांच्या हातात, बाजारहाट आणि मुलांच्या शाळेच्या फेऱ्यांसकट.

निकाल प्रामाणिक आला. गाडी थरथरत नाही, देखभाल जवळजवळ शून्य, थंडीत पटकन सुरू होते, लोक खूश. पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक-दीड सेकंद काहीच होत नाही, शहरात इंधन भरपूर पिते, आणि आवाज व्हॅक्यूम क्लीनरसारखा. शिवाय इतक्या उष्णतेला टिकणारे मिश्रधातू महाग. पुढे धुराचे कायदे कडक झाले तेव्हा नायट्रोजनच्या ऑक्साइडचा प्रश्नही आडवा आला. संशोधन बरीच वर्षं चालू राहिलं, पण १९७९ ला कंपनीच बुडायला आली, सरकारच्या हमीवर तगली, आणि नंतर थोड्याच काळात टर्बाइनचा गाशा गुंडाळला गेला.

गाड्यांचं मात्र आधीच उरकलं होतं. १९६६-६७ च्या सुमारास ५५ पैकी ४६ गाड्या भंगार यार्डात नेल्या, इंजिनं काढून घेतली, आतून पेटवल्या आणि दाबून चपट्या केल्या. कारण म्हणून नेहमी सांगतात की बॉडी इटलीहून आलेली, देशात ठेवायची तर आयात शुल्क भरा, नाहीतर नष्ट करा. मला हे कारण अर्धंच पटतं. शुल्क हाच अडथळा असता तर नऊ तरी का ठेवल्या? आणि अशा प्रयोगावर इतका पैसा ओतणाऱ्या कंपनीला शुल्क जड झालं असतं असं वाटत नाही. कंपनीला खरी धास्ती वेगळी असणार. उद्या यातली एखादी गाडी सेकंड हँड बाजारात गेली, कोणीतरी तिच्यात लेडवालं पेट्रोल भरलं, रस्त्याकडेला बंद पडली, आणि फोटो पेपरात आला तर?

उरलेल्या नऊपैकी तीन कंपनीने ठेवल्या आणि सहा म्युझियमांना दिल्या. देताना इंजिनं निकामी करून दिली. म्हणजे बघायला तीच गाडी, पण किल्ली फिरवली तर ढिम्म. तरी यातलीही एक निसटलीच! नेवाडातल्या बिल हाराह या कॅसिनोवाल्याच्या प्रचंड संग्रहात एक गाडी गेली होती. तो वारल्यावर त्याचा संग्रह विकला गेला आणि ती गाडी डॉमिनोज पिझ्झाच्या मालकाकडे, तिथून इंडियानातल्या एका संग्राहकाकडे पोचली. आज ती सुरू होते. दुसरी, कंपनीने ठेवलेल्या तिघींतली एक, टीव्हीवाल्या जे लेनोने २००८-०९ च्या सुमारास थेट क्रायस्लरकडून घेतली. यूट्यूबवर तिचा आवाज जरूर ऐका. वही कितीही नीट भरली तरी तो 'हूऽऽऽ' कागदावर उतरत नाही.

आता तीस वर्षं पुढे. जागा कॅलिफोर्निया, कंपनी पुन्हा जनरल मोटर्स, गाडी ईव्ही-१.

१९९० च्या जानेवारीत जनरल मोटर्सने 'इम्पॅक्ट' नावाची इलेक्ट्रिक गाडी दाखवली. (अपघाताच्या विषयात 'इम्पॅक्ट' हे नाव कोणाला सुचलं असेल देव जाणे.) त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने नियम केला की १९९८ पासून मोठ्या कंपन्यांच्या विक्रीतल्या २ टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या हव्यात. मग १९९६ ते १९९९ मध्ये १,११७ ईव्ही-१ बनल्या. हवेचा विरोध इतका कमी की ड्रॅगचा आकडा ०.१९, आजही भल्याभल्यांना न जमणारा. पहिल्या गाड्यांत शिशाच्या बॅटऱ्या, दुसऱ्या पिढीत निकेल मेटल हायड्राइडचा पर्याय, आणि मग एका चार्जमध्ये दीडशे किलोमीटरच्या पुढची मजल.

पण इथेही तोच कागद. गाडी विकत मिळत नव्हतीच, फक्त लीजवर. आणि लीज संपल्यावर विकत घ्यायचं कलम करारात नव्हतं. म्हणजे बाहेर पडण्याचा दरवाजा कंपनीने पहिल्याच दिवशी बंद करून ठेवला होता.

पुढे नियम ढिला पडत गेला, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि २००३ मध्ये जनरल मोटर्सने गाड्या परत घ्यायला सुरुवात केली. वापरणाऱ्यांनी काय करावं? त्या जुलैमध्ये हॉलिवूडच्या एका दफनभूमीत गाडीची चक्क अंत्ययात्रा काढली! २००५ च्या सुरुवातीला बरबँकमध्ये कंपनीच्या आवारात ७८ ईव्ही-१ उभ्या आहेत असं कळल्यावर लोक बाहेर आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस बसून राहिले. प्रत्येक गाडीमागे २४,००० डॉलर द्यायची तयारी दाखवली. दुरुस्तीची हमी नको, काही नको, फक्त गाडी द्या. मार्चमध्ये ट्रक आले आणि गाड्या घेऊन गेले. पुढचं २००६ च्या 'हू किल्ड द इलेक्ट्रिक कार?' या माहितीपटात आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात चपट्या करून एकावर एक रचलेल्या ईव्ही-१ पाहताना पोटात कसंतरी होतं. चाळीसेक गाड्या विद्यापीठांना आणि म्युझियमांना दिल्या, त्याही न चालणाऱ्या करून. पूर्ण अवस्थेतली एक स्मिथसोनियनला गेली.

आता कंपनीची बाजू. ती अगदीच टाकाऊ नाही. सुटे भाग बनवणाऱ्यांनी उत्पादन थांबवलं होतं. २००० साली पहिल्या पिढीच्या सुमारे ४५० गाड्या चार्जिंगच्या भागाला आग लागण्याच्या धोक्यामुळे परत बोलवाव्या लागल्या होत्या. उद्या भाग नसताना कोणाला शॉक बसला तर ग्राहकाने सही केलेला 'हमी नको'चा कागद अमेरिकन कोर्टात कितपत टिकेल? मी कंपनीचा वकील असतो तर मीही 'देऊ नका' असंच म्हटलं असतं.

पण मी वकील नाही, इंजिनिअर आहे. आणि माझा मुद्दा वेगळा आहे. त्याच काळात, त्याच कॅलिफोर्नियात, त्याच नियमापायी टोयोटाने आरएव्ही-४ ची इलेक्ट्रिक आवृत्ती आणली होती. तीही बहुतांशी लीजवरच. पण शेवटी शेवटी टोयोटाने सव्वातीनशेच्या आसपास गाड्या सामान्य ग्राहकांना दिल्या, आणि लीजवरच्या गाड्या चिरडू नका म्हणून लोक आंदोलनाला उतरले तेव्हा काही जणांना विकत घेऊ दिल्या. त्या गाड्या मग वर्षानुवर्षं चालत राहिल्या. साउदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीच्या ताफ्यातल्या काहींनी मूळ बॅटरीवर एक लाख मैल ओलांडले. 'इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी किती टिकते हो?' हा प्रश्न आज पुण्यात नवी ईव्ही घेताना प्रत्येक काका विचारतात. त्याचं पहिलं खरंखुरं उत्तर प्रयोगशाळेतून नाही, या चिरडण्यातून सुटलेल्या गाड्यांमधून आलं. ईव्ही-१ पैकी हजारभर गाड्या चालत राहिल्या असत्या तर अशी किती उत्तरं मिळाली असती? ती आता कधीच मिळणार नाहीत. जनरल मोटर्सचे तेव्हाचे प्रमुख रिक वॅगनर यांनीही २००६ मध्ये मुलाखतीत मान्य केलं की ईव्ही-१ बंद करणं हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत वाईट निर्णय.

माझ्या आधीच्या कंपनीत असंच एक पायलट प्रोजेक्ट होतं. क्लायंटने बंद करायचं ठरवलं. करारात लिहिलं होतं की नव्वद दिवसांत सगळा कोड, सगळा डेटा पुसायचा. पुसला, सर्टिफिकेट दिलं, फाइल बंद. दीड वर्षाने त्याच क्लायंटची दुसरी टीम आली आणि त्यांनी विचारलेले पहिले पाच प्रश्न त्या पायलटने सोडवलेले होते. आमच्याकडे उरलं होतं एक चौदा स्लाइडचं प्रेझेंटेशन. इंजिन काढून घेतलेली म्युझियममधली गाडीच ती. बाहेरून चकाचक, आत ढिम्म. नियमाप्रमाणे कोणाचंच चुकलं नव्हतं. आणि तरी पाच जणांनी चार महिने तीच विहीर पुन्हा खणली.

म्हणून मला वाटतं की 'लोकांना विकायची नाही' आणि 'शिल्लकच ठेवायची नाही' हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि कंपन्या ते एकाच सहीत उरकतात. पहिल्यामागे जबाबदारीची भीती आहे, ती खरी आहे. दुसऱ्यामागे आळस आहे आणि थोडी लाज. फसलेला प्रयोग डोळ्यासमोर नको असतो. पण टर्बाइन कार बाजारात फसली म्हणून त्या दहा लाख मैलांची किंमत कमी होत नाही. उलट, कशामुळे फसली हे चालत्या गाडीइतकं नीट दुसरं काही सांगत नाही.

एक ताजी बातमी सांगून थांबतो. २०२५ साली जॉर्जियात कोर्टाच्या आदेशाने झालेल्या लिलावात एक ईव्ही-१ विकली गेली. एका विद्यापीठाला देणगी दिलेली, वर्षानुवर्षं बेवारस पडून राहिलेली, शेवटी टोइंग करून जप्तीच्या आवारात नेलेली. बोली एक लाख डॉलरच्या वर गेली. जी गाडी कोणालाही न विकण्यासाठी एवढा आटापिटा केला, ती अखेर खाजगी मालकीची झाली ती पार्किंगच्या भानगडीतून! घेणारे लोक ती पुन्हा रस्त्यावर आणायच्या मागे आहेत, आणि मजा म्हणजे जनरल मोटर्सने या वेळी मदतीचा हात पुढे केलाय. वीस वर्षांत कंपन्यांचं मतही बदलतं. फक्त तोपर्यंत एखादी गाडी शिल्लक असायला हवी.

तुमच्या ऑफिसात सध्या एखादं पायलट बंद व्हायच्या बेतात असेल तर सोमवारी जाऊन त्याचा करार एकदा वाचा. सही व्हायच्या आधी एक चालती प्रत कुठे ठेवता येते का, ते विचारा. फार तर नाही म्हणतील.

असो. बरंच लांबलं. टर्बाइनच्या त्या फिरत्या चकत्यांवर खरं तर वेगळा लेख होईल. बघू, एखाद्या रविवारी.